कागदावर उतरलेले संत : युरोपातील पहिली छापील धर्मचित्रं

पडद्यावरचं चित्र आधी एक मिनिटभर नुसतं बघा. मी काही बोलत नाही.

एक धिप्पाड दाढीवाला माणूस नदी ओलांडतोय. हातात काठी म्हणून त्याने अख्खं झाडच धरलंय, त्याला वर पानं फुटली आहेत. खांद्यावर एक लहान मूल आहे, आणि तो धटिंगण मान वळवून त्या मुलाकडे पाहतोय. डाव्या काठावर पाणचक्की आहे, गाढवावर पोतं लादून कोणी तिकडे निघालंय. उजव्या काठावर एक वृद्ध तपस्वी कंदील घेऊन उभा आहे, आणि खाली बिळाच्या तोंडाशी एक ससा. चित्राची उंची साधारण 29 सेंटीमीटर, म्हणजे आपल्या शाळेच्या फुलस्केपपेक्षा थोडी कमीच. खाली लॅटिनमध्ये दोन ओळी आणि साल : 1423.

हा संत क्रिस्टोफर. दक्षिण जर्मनीत बुक्सहाइम इथे कार्थुसियन पंथाचा एक मठ होता. तिथल्या एका हस्तलिखिताच्या पुठ्ठ्याला आतून हे चित्र चिकटवलेलं होतं. अठराव्या शतकात हाइनेकन नावाच्या जर्मन अभ्यासकाला ते सापडलं. आज ते मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयात आहे. गुटेनबर्गचं बायबल छापून झालं साधारण 1455च्या सुमारास. म्हणजे छापील ग्रंथाच्या तीस वर्षं आधी हा संत छापला गेला. आपण शाळेत शिकलो की युरोपात छपाई आली ती पुस्तकाच्या रूपाने, आणि त्यातून धर्मसुधारणा झाली. आज मला या गोष्टीच्या अलीकडचं सांगायचं आहे. लोकांनी छापील कागद हातात घेतला तो वाचण्यासाठी नव्हे, पाहण्यासाठी.

क्रिस्टोफरची कथा तेराव्या शतकातल्या ‘सुवर्णकथा’ या संतचरित्रांच्या संग्रहामुळे घरोघरी गेली होती. एका राक्षसी देहाच्या माणसाने ठरवलं की जगातला जो सर्वात बलवान धनी, त्याचीच चाकरी करायची. आधी तो एका राजाकडे राहिला. राजा सैतानाला भितो असं कळल्यावर सैतानाकडे गेला. सैतान क्रुसाला भितो असं दिसल्यावर तिथूनही निघाला. शेवटी एका तपस्व्याने त्याला काम दिलं : या नदीला पूल नाही, तू लोकांना पलीकडे पोचव. एका रात्री एक मूल आलं. अर्ध्या पाण्यात गेल्यावर ते इतकं जड व्हायला लागलं की राक्षसाचे पाय लटपटले. पलीकडे पोचल्यावर मुलाने सांगितलं की तू आत्ता सगळं जग आणि ते घडवणारा, दोघांना उचलून आणलंस.

तुमच्यातल्या बहुतेकांच्या डोळ्यांपुढे वसुदेव आणि यमुना आली असणार. माझ्याही आली होती. पण जरा थांबा. आपल्या कथेत बाळाच्या पायाचा स्पर्श होताच पाणी ओसरतं. इथे पाणी ओसरत नाही, ओझं वाढतं. दोन्ही कथांत नदी आहे म्हणून त्या एकच म्हणू नयेत.

आता खालच्या दोन ओळी. त्यांचा आशय असा, की ज्या दिवशी तू क्रिस्टोफरचं मुख पाहशील त्या दिवशी तुला वाईट मरण येणार नाही. वाईट मरण म्हणजे काय? वेदनेचं मरण नव्हे. अवचित आलेलं मरण : पाद्र्यापुढे पापांची कबुली दिली नाही, अखेरचे संस्कार झाले नाहीत, आणि माणूस गेला. 1348 नंतर प्लेग युरोपात पुन्हा पुन्हा येत होता. सकाळी बाजारात भेटलेला माणूस दोन दिवसांत जाई, आणि पाद्रीच आधी गेलेला असे. अशा जगात या ओळींचं मोल काय असेल याचा विचार करा. म्हणून तर चर्चमध्ये दारासमोरच्या भिंतीवर क्रिस्टोफर भलामोठा रंगवत. आत यायला वेळ नसेल तर दारातून एक नजर टाकावी आणि कामाला जावं.

या समजुतीची थट्टाही झाली. एरॅस्मसने 1511 साली छापलेल्या ‘मूर्खपणाची स्तुती’मध्ये क्रिस्टोफर बघून दिवस निभावला असं मानणाऱ्यांची खिल्ली उडवली आहे. पण एरॅस्मस हुशार होता आणि मला वाटतं इथे जरा उतावीळ होता. त्या दोन ओळींत एक तात्त्विक प्रश्न दडलाय, तो त्याने तसाच सोडला. ओळी म्हणतात ‘मुख पाहशील’. कुठलं मुख? क्रिस्टोफर तर हयात नाही. भिंतीवर रंगवलेलं मुख चालतं, ठीक. मग कागदावरचं चालेल का? आणि एका ठशातून शंभर कागद निघाले, तर शंभरही चालतील का? की त्यातला पहिलाच चालेल?

हे कागद निघत कसे, तेही पाहू. नाशपातीसारख्या घट्ट लाकडाच्या फळीवर चित्र काढायचं, ते उलटं. ज्या रेषा छापायच्या त्या तशाच ठेवायच्या, बाकीचं लाकूड चाकूने आणि छिन्नीने काढून टाकायचं. उरलेल्या रेषांवर शाई लावायची, वर ओलसर कागद ठेवायचा आणि मागून घासायचा. कापडावर ठसे मारणारे लोक युरोपात आधीपासून होते, त्यामुळे हातांना हे काम नवं नव्हतं. नवा होता तो स्वस्त कागद. जुन्या चिंध्या कुजवून, कुटून केलेला. न्यूरेम्बर्गजवळ उलमन श्ट्रोमर या व्यापाऱ्याने 1390 साली कागदाची गिरणी काढली, ती आल्प्सच्या उत्तरेकडच्या जर्मन मुलखातली पहिली. मग छापील चित्रांवर हाताने रंग भरायचे : तांबडा, हिरवा, पिवळा. बहुतेक घाईने, रेषेबाहेर जाऊन. गंमत म्हणजे हेच लोक पत्तेही छापत. 1441 साली व्हेनिसच्या कारागिरांनी तक्रार केली की बाहेरून येणाऱ्या छापील पत्त्यांनी आणि छापील आकृत्यांनी आमचा धंदा बसला, आणि सरकारने आयात बंद केली. संत आणि पत्ते एकाच गाठोड्यात होते! ज्याने क्रिस्टोफर कोरला त्याचं नाव आपल्याला माहीत नाही. ते लिहावं असं तेव्हा कुणाला वाटलंही नसणार.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण इतिहासात ती नेहमी फसवते. हे चित्र आपल्यापर्यंत का पोचलं? कारण कोणीतरी ते पुस्तकात चिकटवून पुस्तक बंद केलं. जी चित्रं खरोखर वापरली गेली, दाराला लावली, उशाशी ठेवली, ज्यांचं चुंबन घेतलं, जी अंगरख्यात शिवली, ती झिजून फाटून गेली. म्हणजे आपल्या संग्रहालयांत आहेत ती बहुतेक कमी वापरलेली चित्रं. त्यांच्यावरून आपण वापरलेल्या चित्रांबद्दल बोलतो. मी आत्ता तेच करतोय.

एक वापरलेलं चित्र मात्र उरलं, आणि तेही अजब रीतीने. इटलीत फोर्ली नावाचं गाव आहे. तिथल्या एका शाळेत भिंतीवर कुमारी मारिया आणि बाळ येशूचं एक छापील चित्र लावलेलं होतं. 4 फेब्रुवारी 1428 रोजी शाळेला आग लागली. इमारत जळली, कागद जळला नाही. लोकांनी तो मिरवत चर्चमध्ये नेला. ‘अग्नीची माता’ म्हणून आजही तो फोर्लीच्या कॅथेड्रलमध्ये पूजेत आहे.

वॉल्टर बेंजामिन या जर्मन विचारवंताचा 1936 सालचा निबंध तुमच्यापैकी अनेकांनी वाचला असेल. यंत्राने नकला निघू लागल्या की कलावस्तूभोवतीचं वलय विरतं, असं त्याचं म्हणणं. वलय का असतं? तर ती वस्तू एकमेव असते, एका जागी असते, तिच्याकडे आपल्याला जावं लागतं. मी हा निबंध अनेक वर्षं वर्गात शिकवला, आणि खरं सांगायचं तर बराच काळ निमूटपणे मान्यही केला. पण फोर्लीपुढे तो अडखळतो. ही तर नक्कलच होती. त्याच ठशातून आणखी कागद निघाले असणार, ते कुणाकुणाच्या भिंतींवर असणार. तरी या एका कागदाला वलय आलं, आणि ते आलं छापल्यानंतर, त्याच्या बाबतीत जे घडलं त्यातून. आपल्याला हे कळायला इटलीत जायला नको. 1894 साली मुंबईत घाटकोपरला सुरू झालेल्या आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेल्या रविवर्म्याच्या छापखान्यातल्या लक्ष्मी-सरस्वती आठवा. यंत्रं जर्मन, कारागीर जर्मन, हजारो प्रती. आणि त्यातल्या एकीच्या काचेवर कुण्या आजीने रोज लावलेल्या कुंकवाचा थर. ती प्रत शेजारच्या घरातल्या प्रतीसारखी राहिलेली नाही. बेंजामिनने नकलेचा जन्म पाहिला, नकलेचं आयुष्य त्याने फारसं पाहिलं नाही.

अर्थात जिथे श्रद्धा तिथे दुकान. पंधराव्या शतकाच्या शेवटी ऱ्हाइनकाठच्या भागात इस्राएल फान मेकनेम नावाचा कोरक्या होता, अतिशय धंदेवाईक माणूस. संत ग्रेगरी मिस्सा अर्पण करत असताना वेदीवर साक्षात जखमी ख्रिस्त प्रकटला, हा प्रसंग त्याने तांब्याच्या पत्र्यावर कोरला. खाली मजकूर : या चित्रापुढे ठराविक प्रार्थना म्हटल्यास मरणोत्तर शुद्धीच्या यातनांतून 20,000 वर्षांची सूट. पुढे पत्रा झिजला, त्याने तो दुरुस्त केला, आणि त्याच पत्र्यावर आकडा केला 45,000. पोपकडून परवानगी वगैरे काही नाही! चित्र तेच, प्रार्थना तीच, सवलत दुपटीच्या वर. हसू नका, आपल्याकडेही माहात्म्यांच्या शेवटी फलश्रुती असते आणि ती वाढत जाते.

तांब्याच्या पत्र्यावर कोरण्याचं काम सोनारांच्या घरातून आलं, त्यामुळे रेष बारीक झाली आणि कोरणाऱ्याला नाव मिळालं. कोलमारचा मार्टिन शोनगाउअर सोनाराचाच मुलगा. त्याने संत अँथनीला हवेत ओढणारी, खवल्यांची, सोंडांची, काट्यांची भुतं कोरली. पोरवयातल्या मायकेलँजेलोने फ्लॉरेन्समध्ये या चित्राची रंगीत नक्कल केली, आणि खवले नीट जमावेत म्हणून तो मासळीबाजारात जाऊन मासे बघून आला, असं त्याचे चरित्रकार सांगतात. आल्प्सच्या पलीकडचा एक कागद, आणि मायकेलँजेलो त्यावर हात बसवतोय. संताचा प्रवास आता यात्रेकरूच्या पायांनी होत नव्हता, व्यापाऱ्याच्या पेटीतून होत होता.

तो प्रवास आपल्यापर्यंतही आला. 1579 साली गोव्याहून तीन जेझुइट पाद्री अकबराच्या बोलावण्यावरून निघाले आणि 1580च्या फेब्रुवारीत फत्तेपूर सिक्रीला पोचले. बादशहाला त्यांनी अँटवर्पला छापलेलं अनेक भाषांतलं बायबल नजर केलं, त्यात कोरीव चित्रं होती. मुघल चित्रशाळेत युरोपीय छापील चित्रं बघून हात बसवणं सुरू झालं. 1600 साली अबुल हसन या तेरा वर्षांच्या मुलाने क्रुसाखाली शोक करणारा संत योहान चितारला, तो थेट आल्ब्रेख्ट ड्यूररच्या 1511च्या एका चित्रावरून. ते चित्र आज ऑक्सफर्डला आहे. ड्यूररच्या चित्रात योहान क्रुसाच्या बाजूला उभा आहे. मुलाने क्रूस गाळला, योहान तेवढा घेतला. आता त्याच्या त्या पिळवटलेल्या हातांचं कारणच चित्रात नाही. मला ते हात विसरता येत नाहीत.

ड्यूररचं नाव आलंच आहे, तर आता मी मुख्य गोष्टीकडे येतो. ती सांगायला मला आनंद नाही.

डॅन्यूबकाठी रेगेन्सबुर्ग नावाचं शहर. तिथे शेकडो वर्षांची ज्यू वस्ती होती, मधोमध त्यांचं सिनेगॉग. शहराला कर्ज झालेलं, व्यापार बसलेला, आणि कॅथेड्रलमधला बाल्थाझार हुबमायर नावाचा प्रवचनकार रोज ज्यूंविरुद्ध बोलत होता. ज्यूंना सम्राटाचं संरक्षण होतं. 12 जानेवारी 1519 रोजी सम्राट माक्सिमिलियन वारला. नवा सम्राट निवडला जायच्या आत, फेब्रुवारीत, नगरपरिषदेने सुमारे 500 ज्यूंना शहराबाहेर काढलं आणि सिनेगॉग पाडायला घेतलं. त्यांच्या दफनभूमीतले दगड उपटून लोकांनी आपल्या घरांच्या भिंतींत बसवले. भर थंडीत.

पाडकाम चालू असताना एक गवंडी जबर जखमी झाला. मरणार असं वाटलं, पण दुसऱ्या दिवशी तो परत कामावर आला. चमत्कार! कुमारी मारियाने वाचवलं. सिनेगॉगच्या जागेवर घाईघाईने लाकडी देऊळ उभं राहिलं, ‘सुंदर मारिया’चं. आणि यात्रा सुरू झाली. लोक हातातलं काम टाकून, विळा-कोयता हातात तसाच घेऊन धावत येत. त्या यात्रेत 1520 या एका वर्षात लाखाच्या वर बिल्ले विकले गेले.

या सगळ्यात एक चित्रकार होता, आल्ब्रेख्ट आल्टडॉर्फर. निसर्गचित्रांच्या इतिहासात त्याचं नाव फार आदराने घेतलं जातं, आणि ते योग्यच आहे. तो नगरपरिषदेचा सदस्यही होता. सिनेगॉग पाडण्याआधी तो तिथे गेला आणि आतल्या भागाची आणि प्रवेशमंडपाची अशी दोन चित्रं त्याने पत्र्यावर उतरवली. रिकामे खांब, कमानी, सावली. मंडपाच्या चित्रात एक माणूस बाहेर जाताना दिसतो. एखादी खरी इमारत जशीच्या तशी छापील चित्रात नोंदवण्याची युरोपातली ही फार जुनी उदाहरणं आहेत. आणि एका चित्रावर त्याने कोरून ठेवलं की ईश्वराच्या न्याय्य निर्णयाने हे पाडलं गेलं. निर्णय परिषदेचा होता, आणि परिषदेत तो स्वतः होता.

मग त्याच हाताने त्याने ‘सुंदर मारिया’ छापली. गावातल्या एका जुन्या पूज्य मारियाचित्रावरून, अनेक ठसे एकावर एक मारून, तांबडा, हिरवा, निळा असे रंग छपाईतच आणून. त्या काळाच्या मानाने हे तंत्र थक्क करणारं आहे, आणि चित्र खरोखर सुंदर आहे. ही अडचण मी टाळणार नाही. विद्यार्थी मला विचारत, सर, हे चित्र सुंदर कसं म्हणायचं? मी म्हणत असे, म्हणायचं. आणि ज्या जागेवर ते उभं आहे त्या जागेचं नावही त्याच दमात घ्यायचं. क्रिस्टोफर पाहणाऱ्याला एवढंच सांगत होता की तू मला पाहा. या मारियाकडे पाहताना पाहणाऱ्याला काही गोष्टी दिसू नयेत, अशीही सोय होती.

त्याच गावातल्या मिखाएल ओस्टेनडॉर्फरने 1520च्या सुमारास यात्रेचं चित्र छापलं. त्यात मात्र सगळं दिसतं. लाकडी देवळात घुसणारी रांग, बाहेर खांबावर मारियेचा पुतळा, त्याच्या पायाशी अंगात आल्यासारखे लोळणारे, पालथे पडलेले लोक. आणि मागे पडकी घरं. ज्यूंची.

याच वर्षांत ल्यूथर उभा राहिला. प्रतिमांचा हा बाजार आता संपला असेल, असं तुम्हाला वाटेल. 1521 साली हान्स बाल्डुंगने ल्यूथरचं चित्र छापलं : डोक्यामागे तेजोवलय, वर पवित्र आत्म्याचं कबुतर. वर्म्सच्या सभेला आलेल्या पोपच्या प्रतिनिधीने, आलेआंद्रोने, रोमला संतापून कळवलं की लोक ल्यूथरची वलयवाली चित्रं विकत घेतात आणि त्यांचं चुंबन घेतात. संतपूजेवर तुटून पडणाराच कागदावर संत झाला. हात तेच होते, त्यांना सवय लागली होती.

हुबमायरचं पुढे काय झालं तेही सांगून टाकतो. त्याचं मन बदललं, तो बालकांच्या बाप्तिस्म्याविरुद्ध बोलू लागला, आणि 1528 साली व्हिएन्नात त्याला पाखंडी म्हणून जाळलं. रेगेन्सबुर्गची यात्रा काही वर्षांत ओसरली. 1542 साली शहराने ल्यूथरचा पंथ पत्करला आणि ‘सुंदर मारिया’च्या जागेवर बांधलेलं दगडी चर्च त्या पंथाचं झालं.

आता शेवटचं चित्र. ओस्टेनडॉर्फरच्या यात्राचित्राचीच ही एक प्रत, जर्मनीत कोबुर्गच्या किल्ल्यातल्या संग्रहात असलेली. ही ड्यूररच्या मालकीची होती. ज्या माणसाने आयुष्यभर मारिया कोरली, मारियेच्या जीवनावर अख्खी चित्रमालिका छापून 1511 साली पुस्तक म्हणून काढली, ती जत्रांतून विकली, त्याच्या घरात हे होतं. 1523 साली त्याने या प्रतीच्या खालच्या बाजूला स्वतःच्या हाताने चार ओळी लिहिल्या. आशय असा, की रेगेन्सबुर्गमध्ये हे एक भूत पवित्र शास्त्राच्या विरुद्ध उठलं आहे, ऐहिक फायद्यासाठी बिशपने ते थांबवलं नाही, आणि ख्रिस्ताच्या थोर मातेचा असा अपमान आमच्या हातून न होवो, देव आम्हाला साहाय्य करो.

ज्यूंबद्दल त्यात एक शब्द नाही. मागची पडकी घरं त्याला दिसली की नाही, कोण जाणे. भूत मात्र त्याला दिसलं. खाली त्याने ती प्रसिद्ध खूण केली आहे, ‘ए’च्या पोटात ‘डी’, जी तो आपल्या चित्रांवर करत असे. आणि मग तो कागद त्याने फाडला नाही, ठेवून दिला.